करंगळी दुखते, गाणं सुरू झालं की ठेका सुटतो

ताई,
मी कोथरूडला राहते, वय सव्वीस. दोन वर्षं कापोएरा, म्हणजे ब्राझीलमधला नाच आणि झुंज एकत्र असलेला खेळ, शिकते आहे. लहानपणी सहा वर्षं तबला शिकले होते, त्यामुळे बेरिम्बाव हातात आला तेव्हा वाटलं, हे आपल्याला जमून जाईल. आठ महिन्यांत व्हिडिओ बघून अकरा ठेके बसवले, सगळे वहीत मात्रा पाडून लिहिले. घरी एकटीने वाजवते तेव्हा चुकत नाही. पण गेल्या महिन्यात सरांनी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर मधला बेरिम्बाव वाजवायला दिला आणि गाणं सुरू झाल्याबरोबर माझा ठेका सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. शेवटी शेजारच्या मुलाने वाद्य माझ्या हातून घेतलं. करंगळीला घट्टा पडलाय, रात्री ठणकते. वर मैत्रीण म्हणते, एवढा जीव काढून ते वाद्य आपलं थोडंच आहे? सराव वाढवू, की सोडून देऊ?
– एक वाचक, पुणे

प्रिय मैत्रिणी,

सोडू नकोस. पण करंगळीचं आधी बघू. हात ठणकत असेल तर लक्ष ठणक्याकडेच जातं, ठेक्याकडे नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. बेरिम्बाव म्हणजे धनुष्यच. चार-साडेचार फुटांची लवचिक काठी, तिला ताणून बसवलेली पोलादी तार, आणि खालच्या अंगाला दोरीने बांधलेला, तोंड कापलेला पोकळ भोपळा. एका हातात हे धनुष्य आणि तारेवर टेकवायला गुळगुळीत दगड किंवा नाणं; दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि त्याच हाताच्या बोटांत काशिशी, म्हणजे आत बिया भरलेला विणलेला खुळखुळा. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात कापोएराचा खेळ याच वाद्याच्या शब्दावर चालतो. खेळणारे दोघं मध्ये, बाकीचे गोल करून भोवती, वाजवणारे एका कडेला ओळीने. त्या गोलाला होदा म्हणतात. लिहिताना पहिलं अक्षर ‘र’चं, पण ब्राझीलमध्ये त्याचा उच्चार ‘ह’सारखा होतो. ठेक्याला तिथे तोकी म्हणतात, मीही तेच म्हणेन.

तर करंगळी. वाद्याचं सगळं वजन भोपळ्याच्या दोरीतून करंगळीवर येतं, त्यामुळे पहिले काही आठवडे प्रत्येकाची दुखते. आठ महिन्यांनंतरही रात्री ठणकत असेल तर पकड चुकते आहे. आरशासमोर उभी राहा आणि दोरी करंगळीच्या कुठल्या भागावर टेकते ते बघ. माझा अंदाज, मधल्या पेरावर टेकत असणार. ती अगदी मुळाशी, तळव्याला लागून यायला हवी. मधलं बोट आणि अनामिका काठीला नुसता वळसा घालतात. तबल्यावर हात कसा सैल ठेवायचा हे तुला सहा वर्षं कुणीतरी शिकवलंय, तेच इथे कर. काठी मुठीत आवळलीस की मनगट ताठ होतं आणि ते सगळं शेवटी त्या बिचाऱ्या करंगळीवर निघतं. अंगठा आणि तर्जनी दगडासाठी मोकळी राहू देत. दगड तारेपासून बोटभर अंतरावर असला की पुरे. लांबून आणून तारेवर आपटायचा नसतो, नुसता टेकवायचा.

दोरी नायलॉनची असेल तर आजच बदल. जाडसर सुती दोरी घे, ती बोटात रुतत नाही. तार गरजेपेक्षा जास्त ताणली असेल तर दगड दाबायला दुप्पट जोर लागतो, तेही सरांना एकदा दाखव. एका बैठकीत अर्धा तास वाजवण्याऐवजी पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आणि घट्टा वेगळा, सांध्याचं दुखणं वेगळं. बोटाला मुंग्या येत असतील, बधीर वाटत असेल, सांधा सुजला असेल, तर वाद्य भिंतीला टेकवून ठेव आणि डॉक्टरांना हात दाखव. त्यात हयगय करू नकोस.

आता वही.

आठ महिन्यांत अकरा तोकी हे वाचून तुझ्या मेहनतीचं कौतुक वाटलं, आणि काळजीही वाटली. व्हिडिओ कुणाकुणाचे होते? कापोएरातही घराणी आहेत, आणि एकाच नावाखाली दोन घराण्यांत दोन वेगळ्या चीजा असाव्यात तसं तिथेही आहे. बाहियाची राजधानी साल्वाडोरमध्ये मेस्त्री बिंबांनी 1930 च्या दशकात आपली शाळा उभी केली. तिचं नाव पुढे रेजिओनाल पडलं. त्यांच्या ताफ्यात बेरिम्बाव एकच, सोबत दोन पांदेरो, म्हणजे आपल्या खंजिरीच्या जातीची वाद्यं. मेस्त्री पास्तिन्यांनी 1940 च्या दशकात अंगोला पद्धतीची शाळा नावारूपाला आणली. तिथे तीन बेरिम्बाव, पांदेरो, उभा ढोल आणि घासून किंवा ठोकून वाजवायची छोटी वाद्यं. ‘साँव बेंतो ग्रांजी’ ही तोकी दोन्हीकडे आहे, पण बिंबांची वेगळी आणि अंगोलावाल्यांची वेगळी. तू दोन्ही एका पानावर लिहून, यातली बरोबर कुठली म्हणून बुचकळ्यात पडली असशील. दोन्ही बरोबर आहेत. तुझ्यासाठी बरोबर ती, जी तुझे सर वाजवतात. (तिकडे गुरूला मेस्त्री म्हणतात. आपला गवंडी-सुतार मेस्त्रीसुद्धा त्याच पोर्तुगीज शब्दातून आलेला आहे, आणि मला ते फार आवडतं. हाताने काम करता करता शिकवणारा माणूस.)

म्हणून माझं पहिलं सांगणं: ती वही सहा महिने कपाटात ठेव आणि दोनच तोकींत राहा.

तुला बोल कळतात, तेव्हा बोलांतच सांगते. या तारेतून तीन आवाज निघतात. तार मोकळी सोडून काडी मारली की खालचा, गोल ‘दोम्’. दगड घट्ट दाबला की साधारण एका स्वराने वरचा ‘दिम्’. आणि दगड तारेला निसटता लावला की खरखरीत ‘चि’. आता चार सारख्या मात्रा धर. पहिल्या मात्रेत दोन ‘चि’ जलद, दुसरीत दोम्, तिसरीत दिम्, चौथी रिकामी, तिथे फक्त काशिशी.

चिचि – दोम् – दिम् – (काशिशी)

ही अंगोला नावाची तोकी. आता दोम् आणि दिम् यांची अदलाबदल कर:

चिचि – दिम् – दोम् – (काशिशी)

ही साँव बेंतो पेकेनो. चौथ्या रिकाम्या जागेत आणखी एक दोम् टाकलास की अंगोलावाल्यांची साँव बेंतो ग्रांजी झाली. कागदावर एवढंच आहे. एखादा तबलजी अर्ध्या तासात हे पाठ करेल, आणि तू फसलीस ती नेमकी इथेच.

होदात मोठ्या भोपळ्याचा, खर्जातला बेरिम्बाव तो गुंगा. मधला तो मेजिओ, तोच तुझ्या हाती दिला होता. सगळ्यात लहान आणि चढ्या आवाजाचा तो व्हिओला. अंगोला पद्धतीच्या बऱ्याच घरांत गुंगा अंगोला वाजवतो आणि त्याच वेळी मेजिओ साँव बेंतो पेकेनो. म्हणजे वरच्या दोन ओळी एकमेकींच्या डोक्यावर ठेवून वाच. गुंगा खाली जातो त्या क्षणी मेजिओ वर, गुंगा वर तेव्हा मेजिओ खाली. घरी तू यातली एकच ओळ वाजवत होतीस. होदात बसल्यावर कानाशी बरोबर उलटी ओळ वाजू लागली, वर व्हिओलाचे पलटे, वर टाळ्या, वर गाणं. तुझा हात गुंगाच्या मागे ओढला गेला असणार. माझाही जायचा, सगळ्यांचाच जातो. तुझी मेहनत कमी पडलेली नाही. मेजिओ म्हणजे संवादातली अर्धी बाजू, आणि तू ती समोर कुणी नसताना पाठ केलीस.

त्यामुळे एकटीने कोरडा सराव बंद. फोनवर पाच मिनिटं स्वतःच अंगोला वाजवून मुद्रित कर, संथ लयीत. मग ते लावून त्यावर साँव बेंतो पेकेनो धर. पहिल्या दिवशी वाजवूच नकोस, फोन गुंगा वाजवत असताना तोंडाने मेजिओचे बोल म्हण. पढंत तुला येतेच. तोंड टिकलं की मग हात. चार-पाच दिवसांनी उलट कर: मेजिओ मुद्रित आणि तू गुंगा. एका क्षणी तुला आपली ओळ आणि समोरची ओळ वेगवेगळ्या ऐकू येणं थांबेल आणि दोन्ही मिळून एक चाल ऐकू येईल. तो क्षण आला की कळवायला विसरू नकोस.

गाण्याचं कारण आणखी निराळं आहे. तू मोजतेस. पत्रात तू ‘मात्रा पाडून’ लिहिलंस तेव्हाच लक्षात आलं. मोजणं तोंडातल्या तोंडात चालतं, आणि गाणंही तिथूनच निघतं, एका वाटेवर दोघं समोरासमोर येतात. ठेका हातात उतरेपर्यंत हे होणारच. वारीत पावली खेळणाऱ्यांकडे बघ. टाळ हातात, अभंग तोंडात, पाय मागे-पुढे पडतायत, शेजारच्याच्या टाळाकडे कान आहे आणि उन्हात चालून चालून तहानही लागलेली आहे. त्यातलं कुणीही मात्रा मोजत नसतं. लहानपणापासून चार माणसांत उभं राहून त्यांच्यात ते मुरलेलं असतं. तुलाही ते चार माणसांतच मुरवावं लागेल.

माझी पायरी अशी होती. आधी वाद्य बाजूला ठेवून महिनाभर नुसत्या टाळ्या वाजवत प्रत्येक गाण्याचा मागचा आवाज, म्हणजे सगळ्यांनी मिळून द्यायचं उत्तर, म्हणायचं. मग बेरिम्बाव हातात घेऊन घरातल्या कुणाशी तरी गप्पा मारायच्या. मी आईला आज भाजी काय करायची ते विचारत असे आणि हात चालू ठेवत असे. पहिल्यांदा ‘भें’ म्हणतानाच हात थांबला, ‘डी’पर्यंत पोचलेच नाही. पंधरा दिवसांनी मी वाजवता वाजवता अख्खा बाजारहाट सांगू लागले. त्यानंतर मागचा आवाज, आणि सगळ्यात शेवटी पुढचा. पुढचा आवाज, म्हणजे एकट्याने गाणं सांगायची, घाई तू एक वर्ष तरी करू नकोस. सुरुवातीचं लांब, एकट्याने म्हणायचं गाणं, लादाइन्या, अंगोला होदात चालू असतं तेव्हा खेळणारे वाद्यांच्या पायाशी उकिडवे बसून ऐकत असतात, कुणी हलत नाही. सगळा गोल गाणाऱ्याकडे कान लावून असतो. त्या जागेवर बसायला वेळ द्यावा लागतो.

आणि आता जे मला मुळात सांगायचंय ते. बेरिम्बाव वाजवताना डोळे खेळावर हवेत.

काही वर्षांपूर्वी मुंबईत बाहियाहून आलेले एक वयस्कर मेस्त्री आमच्या होदात बसले होते. माझ्याकडे व्हिओला होती. व्हिओलाला पलटे घ्यायची मोकळीक असते, आणि मी त्या काळात पुष्कळ पलटे बसवले होते. डोळे मिटून एकामागून एक काढत होते. शेजारून एक हात आला आणि माझ्या तारेवर टेकला. तार गप्प झाली. मी डोळे उघडले. मेस्त्रींनी काहीही न बोलता हनुवटीने समोर दाखवलं. मध्ये एक मुलगा घोटा धरून खाली बसला होता, आणि गुंगा वाजवणारा एकाच स्वरावर सलग ठोके देत दोघांना परत बोलावत होता. ती हाक म्हणजे होदातला सगळ्यात मोठा शब्द. माझ्यापासून दोन हातांवर ती चालू होती आणि मला ऐकू आली नव्हती. मेस्त्रींनी हात उचलला आणि काही झालंच नाही अशा सुरात पुढचं गाणं धरलं. मी त्या दिवशी नुसतं चिचि-दोम्-दिम् वाजवत बसले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला खेळ दिसला. कोण दमलंय, कोण चिडलंय, कोण घाबरून जास्त वेगाने लाथा मारतंय, आणि गुंगा लय किंचित ओढून धरतो तेव्हा तेच पाय कसे शांत होतात.

तोकी हा खेळणाऱ्यांना दिलेला निरोप असतो. अंगोला वाजली की खेळ खाली, जमिनीलगत, कावेबाज होतो. बिंबांची साँव बेंतो ग्रांजी वाजली की उभा आणि वेगवान. त्यांच्या शाळेत इयुना ही तोकी शिक्षण पुरं झालेल्या शिष्यांसाठीच वाजे आणि तिच्यावर गाणं म्हणत नसत. तुझ्या अकरांत काव्हालारिया असेलच. ती घोड्यांच्या टापांसारखी वाजते, आणि परंपरा अशी सांगते की घोडेस्वार पोलीस येताना दिसले की ती वाजवून सगळ्यांना सावध करत. ब्राझीलमध्ये गुलामगिरी 1888 साली कायद्याने संपली आणि 1890 च्या दंडसंहितेत कापोएरा हा गुन्हा ठरला, दोन ते सहा महिने कैद. रस्त्यावर खेळायचं आणि कान घोड्यांकडे ठेवायचे, असे दिवस त्या लोकांनी काढले आहेत. म्हणून मी म्हणते की ही तोकी व्हिडिओवरून बसवून ‘येते’ असं वहीत लिहू नये. सरांनी ती त्या गोष्टीसकट द्यावी आणि तू ती तशीच घ्यावी.

आता तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न. मला तो टाळावासा वाटत नाही. वाद्य आपलं नाही हे खरंच आहे. भोपळा बांधलेलं धनुष्य मध्य आफ्रिकेतल्या, आजच्या अंगोलाच्या बाजूच्या लोकांबरोबर गुलामांच्या जहाजांतून ब्राझीलला गेलं. फ्रेंच चित्रकार दब्रे याने 1820 च्या दशकात रिओमधल्या अशा एका रस्त्यावरच्या वादकाचं चित्र काढून ठेवलंय. कापोएराशी त्याचं लग्न मात्र नंतर लागलं. जर्मन चित्रकार रुगेंदासच्या 1835 मध्ये छापलेल्या कापोएराच्या प्रसिद्ध चित्रात ढोल आहे, धनुष्य नाही. पुढे एवढं एकजीव झालं की 2014 साली युनेस्कोने कापोएराच्या होदाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

आणि एक गोष्ट मैत्रिणीला सांग. गुजरातमधल्या सिद्दी समाजाकडे मलुंगा नावाचं वाद्य आहे: धनुष्य, तार, भोपळा, काडी. आपल्याकडे सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो आणि विषय तिथेच संपतो. पण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी हे धनुष्य आपल्या शेजारच्या राज्यात जपलंय, जसं पश्चिम किनाऱ्यावरून ओढून नेलेल्यांनी ब्राझीलमध्ये जपलं. एवढ्यावरून बेरिम्बाव मराठी होत नाही, आणि तो तसा करू पाहू नये. फक्त तो आपल्यापासून वाटतो तितका लांबही नाही. तू गाण्यांचे अर्थ शिक, पोर्तुगीज शब्द नीट उच्चार, कुणाकडून काय शिकलीस ते नावानिशी सांग, शिकवणाऱ्याला त्याचे पैसे दे. दुसऱ्याच्या घरी पाहुणी गेल्यावर वागतेस तशी वाग. पाहुण्याला त्या घरात गाता येत नाही असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

ज्या मुलाने वाद्य तुझ्या हातून घेतलं त्याच्यावर राग धरू नकोस. होदा चालू असताना मेजिओ सुटला तर कुणीतरी तो उचलायचाच असतो, तेव्हा खेळणाऱ्या दोघांचा विचार आधी. पुढच्या वेळी तूच सरांना आधी सांगून ठेव, ‘मी दोन गाण्यांपुरती मेजिओवर बसते, मग बदला.’ दोन गाणी टिकलीस की पुढे तीन. उरलेला वेळ गुंगाच्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजव आणि ती तार ऐक. ती जागा होदातली सगळ्यात चांगली शाळा आहे, आणि तिथे कुणी फारसं उभं राहत नाही.

शेजाऱ्यांचं तू लिहिलं नाहीस, पण कोथरूडच्या इमारतीत रात्री साडेनऊनंतर हे वाद्य वाजवत असशील तर भोपळ्यात जुना सुती पंचा कोंबून वाजव, आवाज निम्म्यावर येतो आणि हाताचा सराव तोच राहतो. भोपळा पोटावरून दूर-जवळ नेऊन आवाज उघडायचा-मिटायचा सराव मात्र दिवसा, पंचा काढून कर. आणि झोपण्यापूर्वी तार न विसरता उतरव. रात्रभर ताणलेली राहिली तर काठीचा पीळ जातो. गुडघा काठीच्या मध्यावर, एका हाताने वरचं टोक हलकेच मागे, दुसऱ्या हाताने गाठ मोकळी. तोंड बाजूला ठेव, तार सुटताना कधी कधी उसळते.